सासऱ्यांची साप्ताहिक सुट्टी

माणूस काम का करतो, हा प्रश्न सेक्रेटरींना पन्नाशीपर्यंत कधी पडला नव्हता. विमा कंपनीच्या कचेरीत ते इतकी वर्षं खुर्ची उबवत होते, पण आपण हे का करतो असं त्यांनी स्वतःला एकदाही विचारलं नाही. साहेब मात्र अधूनमधून विचारायचे, "तुम्ही नेमकं करता काय हो?" पण तो प्रश्न वेगळा.

सेक्रेटरी हे त्यांचं कचेरीतलं पद नव्हे. कचेरीत त्यांना पद असं फारसं नव्हतंच. ते ज्या चार मजली इमारतीत राहत, तिच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. वार्षिक सभा चालू असताना फोन आला म्हणून ते बाहेर गेले आणि परत आले तेव्हा टाळ्या वाजत होत्या. तेव्हापासून इमारतीत, बाजारात आणि चिडली की बायकोच्या तोंडीही ते सेक्रेटरीच झाले.

तर एकदा कचेरीतून दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला कुणालातरी पाठवायचं होतं. विषय होता, 'माणसाला प्रेरणा कशातून मिळते?' जाणार होते खरं म्हणजे साहेब, पण ऐन वेळी त्यांची कंबर धरली. मग ज्याच्या नसण्यानं कामात खंड पडणार नाही असा माणूस शोधण्यात आला, आणि तो लगेच सापडला.

प्रशिक्षक होता टाय लावलेला, सडपातळ, सतत फळ्यावर बाण काढणारा. पहिल्या दिवशी त्यानं पिंजऱ्यातल्या उंदराची हकीकत सांगितली. उंदीर खटका दाबतो, दाणा पडतो. मग तो पुन्हा खटका दाबतो. माणसाचंही तसंच, म्हणाला. सेक्रेटरींना आपला पगाराचा दिवस आठवला आणि त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गरजांचा मनोरा काढला. तळाला भूक, त्यावर सुरक्षितता, त्यावर आपली माणसं, त्यावर मानमरातब, आणि अगदी शेंड्याला असं काहीतरी, की जे समजावून सांगणार तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

जेवण फारच उत्तम होतं. जेवणानंतर आणखी एक व्याख्यान झालं. त्यात काय सांगितलं, याबद्दल सेक्रेटरींची आठवण जरा अंधुक आहे. ते मागच्या रांगेत होते, पंखा बरोबर डोक्यावर होता, आणि डोळे मिटल्यावर माणूस जास्त एकाग्र होतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ याला घोरणं म्हणाले. असो. लोकांचं तोंड कोण धरणार?

त्या संध्याकाळी गळ्यातला बिल्ला न काढताच ते जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि म्हणाले, "वा! आज जेवण फारच छान झालंय."

बायकोचा हात वाढता वाढता थांबला. "काय फोडलंत?"

"काही फोडलेलं नाही. चांगलं वर्तन दिसलं की ताबडतोब बक्षीस द्यायचं असतं. कौतुक हेही बक्षीसच."

"भाजी कालची आहे," बायको म्हणाली. "आणि ते गळ्यातलं काढा. वरणात बुडतंय."

समोर बसलेले सासरे मिशीतल्या मिशीत हसले. हे सासरे म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. सासूबाई गेल्यावर वर्षभर ते एकटे राहिले, मग एकदा मुलगी गेली आणि त्यांना सामानासकट घेऊनच आली. जावयाच्या घरी राहायचं म्हणून आधी ते फार अवघडले होते. खुर्चीच्या कडेवर बसायचे. मग काही दिवसांनी त्यांना जिन्यातल्या कुंड्या दिसल्या.

त्या कुंड्या म्हणजे इमारतीतली नावडती प्रजा होती. कुणाच्या गॅलरीतून उतरलेली, कुणी हौसेनं आणून विसरलेली, अशी सगळी झाडं जिन्याच्या वळणावळणावर माना टाकून उभी होती. सासऱ्यांनी कुणाला न विचारता एक झारी पैदा केली आणि रोज सकाळी चौथ्या मजल्यापासून खाली अशी त्यांची फेरी सुरू झाली. प्रत्येक कुंडीपाशी थांबायचं, पानं बाजूला सारायची, "सरका, पुढे सरका, मागच्यांना जागा द्या," असं झाडांना बजावायचं. तेवढ्यात कुठलं तरी दार उघडायचं. तिसऱ्या मजल्यावर शिकवणीच्या बाई, दुसऱ्यावर दातांचे डॉक्टर, पहिल्यावर चेअरमन. दोन शब्द इकडचे, दोन तिकडचे. "या की आमच्या घरी चहाला," असं सासरे सगळ्यांना सांगायचे. 'आमच्या घरी' हे शब्द ते जरा ठासूनच उच्चारायचे. महिन्याभरात ते खुर्चीवर पाठ टेकून बसायला लागले आणि झाडांनीही माना वर केल्या.

प्रशिक्षण संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरींनी हे दृश्य नव्या नजरेनं पाहिलं आणि ते दचकले. हा माणूस खटका दाबतोय आणि दाणा पडतच नाही! शास्त्राच्या दृष्टीनं हे बेकायदेशीर होतं. आणि दाणा न पडता हे इतकं काम करतात, तर दाणा पडला तर काय करतील? जिना झाडतील, दिवे बदलतील, कदाचित गच्चीची गळतीसुद्धा काढतील. आणि हीच गोष्ट सगळ्या इमारतीला लागू केली तर? सेक्रेटरींच्या अंगावर काटा आला. कचेरीत जाताना ते उलट दिशेच्या बसमध्ये चढले, इतके ते विचारात होते.

अशा रीतीनं 'प्रेरणा योजना' जन्माला आली. जिन्यातल्या झाडांना पाणी घालणाऱ्याला निळा तारा, जिना झाडणाऱ्याला पिवळा, गेलेला दिवा बदलणाऱ्याला लाल. तळमजल्यावर फळा, फळ्यावर सगळ्या घरांची नावं. महिनाअखेर ज्याचे तारे जास्त तो 'आदर्श रहिवासी', आणि त्याला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस.

योजना मंजूर करून घेणं मात्र सोपं नव्हतं. चेअरमननी आयुष्यभर सरकारी कचेरीत बसून दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढल्या होत्या आणि निवृत्तीनंतर हाताला तसं काम उरलं नव्हतं.

"तारा म्हणजे किती कोनांचा?" त्यांनी विचारलं.

"पाच. नेहमीचा."

"नेहमीचा असं नियमात लिहिता येत नाही. आणि पाणी घातलं म्हणजे नेमकं काय? शिंपडलं तर चालेल का? अर्धा तारा द्यायचा का?"

दातांच्या डॉक्टरांनी लाल रंगाला हरकत घेतली, कारण तो पाहून पेशंट घाबरतात. शिकवणीच्या बाईंनी सुचवलं की वाईट वागणाऱ्याला काळा तारा असावा. तासभर ताऱ्यांवरच गेला. शेवटी पोटनियम, परिशिष्ट आणि तक्रार निवारणाची उपसमिती यांच्यासह योजना संमत झाली. उपसमितीत एकटे चेअरमनच होते.

पहिले चार दिवस योजना इतकी झकास चालली, की सेक्रेटरी कचेरीतून आल्यावर बूट न काढता फळ्यासमोर उभे राहायचे. पाचव्या दिवसापासून ती त्याहून झकास चालायला लागली आणि तिथंच घात झाला.

दातांचे डॉक्टर सकाळी दूधवाल्याच्याही आधी उठून झाडांना पाणी घालू लागले. ते कळल्यावर शिकवणीच्या बाईंनी प्रत्येक तासाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांकडून एकेक तांब्या पाणी घालून घ्यायला सुरुवात केली. पर्यवेक्षणाचे तारे बाईंना. कुंड्यांमधून पाणी वाहायला लागलं, झाडं पिवळी पडली, तर ती तहानली असतील म्हणून आणखी पाणी. झाडण्याचं म्हणाल तर जिना इतका स्वच्छ राहू लागला की झाडायला कचराच उरेना. मग कुठून कोण जाणे, रोज सकाळी कागदाचे कपटे पडलेले दिसायचे आणि एक जण झाडू घेऊन तयारच असायचा. चांगले पेटणारे दिवे संध्याकाळी गायब व्हायचे आणि थोड्या वेळानं कुणीतरी लगबगीनं तोच दिवा परत लावून लाल तारा मागायचा. चेअरमन या सगळ्याचा न्यायनिवाडा करत आणि निवाड्याबद्दल स्वतःला एक जांभळा तारा देत. तो रंग योजनेत नव्हताच.

आणि सासरे? पहिल्या दिवशी सेक्रेटरींनी त्यांना मोठ्या थाटात फळ्यापाशी नेलं आणि निळा तारा दाखवला.

"हा कशाबद्दल, जावईबापू?"

"तुमच्या कामाबद्दल, बाबा! तुमच्या कामाचं चीज झालं."

"काम?" सासरे म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, तारा पुन्हा पाहिला. "बरं. काम तर काम."

ते वर गेले आणि मग विचारायला परत खाली आले, "पाळी कुठली माझी? सकाळची ना?"

सेक्रेटरींना वाटलं, प्रेरणा जागी झाली. ती काही दिवसांनी आणखी जागी झाली. सासरे आता कुंडीपाशी रेंगाळत नव्हते. झारी तिरकी करायची, पुढची कुंडी. झाडांशी बोलणं बंद. दारं उघडायची, पण उघडणारा आधी फळ्यावर किती तारे झाले ते विचारायचा. आणि मग एका सकाळी सासरे पेपर घेऊन बसलेलेच दिसले.

"बाबा, झाडं?"

"आज साप्ताहिक सुट्टी," सासरे म्हणाले. "इतकी वर्षं डेपोत काढली जावईबापू, सुट्टी कधी बुडवली नाही. घरचं असतं तर वेगळं. ड्यूटी म्हटली की सुट्टी आली."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. तिनं चहाचा कप जरा जोरातच ठेवला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण महिनाअखेर आली आणि कुंड्यांवरून बाकीच्यांचं लक्ष उडालेल्या दिवसांतही निमूटपणे पाणी घालणाऱ्या सासऱ्यांचे तारे, सुट्ट्या धरूनही, सगळ्यांत जास्त भरले. दातांच्या डॉक्टरांनी हरकत घेतली. ते म्हणाले, घड्याळाचा प्रश्न नाही, त्यांच्याकडे घड्याळं आहेत, तत्त्वाचा प्रश्न आहे. आदर्श रहिवासी व्हायला माणूस आधी रहिवासी हवा.

सभा भरली. तळमजल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मागच्या खुर्चीवर सासरे इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. मुलीनं बळेबळे पाठवलं होतं त्यांना, "बक्षीस आहे बाबा तुमचं, जा," म्हणून. खरं तर जिना उतरताना त्यांनी मिशीवरून एकदा हात फिरवला होता.

चेअरमननी नियमावली उघडली. "सभासद, सहसभासद, भाडेकरू आणि पाहुणे. सासरे असा वर्ग नियमात नाही. सेक्रेटरी, हे सभासद आहेत का?"

"नाही."

"भाडेकरू?"

"छे! छे!"

"मग यांना तारे कुठल्या सदरात दिले? खुलासा करा. नाहीतर सगळी योजनाच रद्द ठरेल."

योजना रद्द! सेक्रेटरींच्या डोळ्यांसमोर त्यांचा तो फळा आला, रंगीत तारे आले, कचेरीत साहेबांना सांगायच्या गोष्टी आल्या. घामानं त्यांचा चष्मा घसरला. आणि घसरता चष्मा सावरता सावरता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मग पाहुणे म्हणून लिहा! आमच्याकडचे पाहुणे. मिटलं?"

चेअरमननी लिहिलं. योजना बचावली. मागची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सासरे कठड्याला धरून सावकाश जिना चढत होते. घड्याळ कुणाला मिळालं हे सेक्रेटरींना नंतर आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात एक आदर्श पाहुणा राहायला आला.

"पंखा लावला तर चालेल का?" सासरे विचारायचे. "पेपर वाचून झाला असेल तर जरा बघू का?" अंघोळीला जाताना, "आपल्यापैकी कुणाला जायचं नाही ना आधी?" चहा घेतल्यावर कप स्वतः विसळून ठेवायचे आणि म्हणायचे, "तुमच्या घरचा चहा फार छान असतो." ते पुन्हा खुर्चीच्या कडेवर बसू लागले. झारी त्यांनी घासूनपुसून, मागून आणलेली वस्तू परत करावी तशी न्हाणीघरात पालथी घालून ठेवली.

आणि मग त्यांनी माळ्यावरून आपली पिशवी काढली. धाकट्या भावाकडे जाणार होते, रविवारी सकाळच्या गाडीनं.

"किती दिवसांसाठी?" मुलीनं विचारलं.

"बघू. पाहुण्यानं एके ठिकाणी किती दिवस राहायचं यालाही काही मर्यादा असते, बाळ."

ते खोलीत गेल्यावर बायको नवऱ्याकडे वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी त्यांना इथं आणलं तेव्हा ते रात्रभर पिशवी उशाशी घेऊन झोपले होते," ती हळू आवाजात म्हणाली. "ती पिशवी माळ्यावर ठेवायला त्यांना दोन महिने लागले. तुम्ही ती एका वाक्यात खाली काढलीत."

सेक्रेटरींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. तसा त्यांचा सासऱ्यांवर जीव होता. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर "काय म्हणते आज गाडी?" असं विचारणारा जगात तो एकच माणूस होता, आणि उत्तर पूर्ण ऐकूनही घ्यायचा. पण माफी मागायची म्हणजे काय म्हणायचं? 'तुम्ही पाहुणे नाही' असं म्हटलं की ते म्हणणार, 'सभेत लिहिलंय.' आणि लिहिलं होतंच.

म्हणून त्यांनी शास्त्राची कास धरली. आधी बक्षीस वाढवून पाहिलं. स्वतः दुकानात जाऊन पहिल्याहून मोठं, दर तासाला गाणं वाजवणारं घड्याळ आणलं. सासऱ्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, "कशाला एवढा त्रास घेतलात," म्हणाले आणि टेबलावर ठेवून दिलं. घड्याळ दर तासाला वाजायचं आणि दर तासाला बायको सेक्रेटरींकडे बघायची. मग त्यांनी गरजांचा मनोरा कागदावर काढून सासऱ्यांपुढे धरला. "बाबा, यात तुम्ही कुठल्या पायरीवर आहात असं तुम्हाला वाटतं?"

सासऱ्यांनी मनोरा नीट पाहिला. "गुडघे धरलेत हो माझे. मला या वयात आणखी जिने नका दाखवू."

शेजाऱ्यांकडे सल्ल्यांना तोटा नव्हता. दातांचे डॉक्टर म्हणाले, दुखरी जागा बधिर होईपर्यंत हात लावू नये. शिकवणीच्या बाई म्हणाल्या, रुसलेल्या मुलाकडे साफ दुर्लक्ष करावं, आपोआप येतं. चेअरमन म्हणाले, लेखी अर्ज द्या, वर्ग बदलण्याचा विषय पुढच्या वार्षिक सभेत घेऊ. पुढच्या वार्षिक सभेला अजून बराच अवकाश होता आणि गाडी रविवारी होती.

शेवटी सेक्रेटरींनी प्रशिक्षकाला फोन लावला आणि सगळी हकीकत सांगितली, नावं बदलून. 'माझे एक मित्र आहेत' अशी सुरुवात केली.

"अहो, पण हेच तर सांगितलं होतं ना!" प्रशिक्षक म्हणाला. "माणूस जे हौसेनं करतो त्याला बक्षीस लावलं की हौस मरते. आनंदानं चित्रं काढणाऱ्या मुलांना बक्षिसं लावली, तर पुढं त्यांनी आपणहून चित्रं काढणं कमी केलं. दुसऱ्या दिवशी, जेवणानंतरचं व्याख्यान. ते मित्र आले नव्हते का?"

"आले होते," सेक्रेटरी म्हणाले. "पण त्यांना मागं बसायला मिळालं."

"मग आता हौस परत कशी आणायची?" त्यांनीच पुढं विचारलं.

प्रशिक्षक म्हणाला की त्यासाठी तीन दिवसांचं प्रगत प्रशिक्षण असतं.

त्या संध्याकाळी सेक्रेटरींनी कुणाचीही मंजुरी न घेता फळा स्वतः उतरवला. खिळा त्यांच्या अंगठ्यात घुसला. चेअरमन वरून ओरडले की ठरावाशिवाय खिळा काढता येत नाही. "मग खिळा राहू दे," सेक्रेटरी म्हणाले आणि पाठीवर फळा घेऊन जिना चढायला लागले. चढताना वळणावळणावरच्या कुंड्या त्यांना पहिल्यांदाच नीट दिसल्या. आता कुणीच पाणी घालत नव्हतं. आधी बुडालेली झाडं आता वाळत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका रोपट्याला सासऱ्यांनी सुतळीनं काडी बांधून आधार दिला होता, ते सुतळीसकट वाकलं होतं. सेक्रेटरींना एकदम रडू आल्यासारखं झालं. पन्नाशीचा माणूस, पाठीवर फळा, आणि एका रोपट्यापुढे उभा राहून नाक ओढतोय! सुदैवानं कुठलंही दार उघडलं नाही.

रविवारी सकाळी सासरे अंघोळ करून प्रवासाचा सदरा घालत होते, तेव्हा सेक्रेटरी हळूच बाहेर पडले. आपण निदान झाडांना तरी पाणी घालावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यामागे कुठलाही सिद्धांत नव्हता. सासऱ्यांच्या झारीला हात लावायचा त्यांना धीर झाला नाही. आणि चार मजले बादल्या वाहणं हे शिकल्यासवरल्या माणसाचं लक्षण नव्हे, असं वाटून त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या आपल्या दाराबाहेरच्या नळाला लांबलचक पाइप जोडला, नळ पूर्ण सोडला आणि पाइपचं दुसरं टोक घेऊन ते जिना उतरले.

वरून सुरुवात करायची सोडून ते थेट पहिल्या मजल्यावर का गेले, हे त्यांनाही सांगता येणार नाही. तिथं पाइप थोडा कमी पडला. त्यांनी ओढला. किंचित अडला, म्हणून जरा हिसका दिला. तो छान सैल आला. पण पाणी येईना. त्यांनी पाइपात डोळा लावून पाहिलं. फुंकर मारली. झटकला. पाणी पाइपातून का येत नाही याचा ते मन लावून विचार करत असताना ते जिन्यावरून आलं.

आधी एक पातळ ओघळ आला. मग वरच्या सगळ्या पायऱ्यांवरून मातीसकट, पानांसकट आणि शिकवणीच्या विद्यार्थ्यांच्या चपलांसकट पाणी खळाळत खाली आलं. चेअरमनचं दार उघडं होतं. त्यांची पायपुसणी उचलली गेली, बुटांचं कपाट कलंडलं आणि त्यांचा सभेला घालायचा एक बूट घराबाहेर तरंगत निघाला. तो धरायला चेअरमन धावले आणि उंबऱ्यावर फतकल मारून बसले. लागलं काही नाही, पण बसले ते पाण्यातच.

"सेक्रेटरी!"

सगळी दारं उघडली. सगळे एकदम बोलू लागले. सेक्रेटरी हातात पाइप धरून, घोट्यापर्यंत पाण्यात, मधोमध उभे होते. पाण्याचा ओघ हळूहळू कमी होऊन थांबला. वर कुणीतरी नळ बंद केला होता.

आणि मग जिन्यावरून सासरे उतरले. विजारीचे पाय दुमडलेले, एका हातात पिशवी, दुसऱ्यात खराटा. मागोमाग मुलगी. वाटेत वाकलेल्या रोपट्यापाशी ते थांबले, त्याला सरळ करून काडी पुन्हा खोचली. डॉक्टरांच्या दाराशी स्टूल होतं, त्यावर पिशवी ठेवली. सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि भरल्या गाडीत घुमावा असा आवाज लावला.

"चला, पुढे सरका! दाराशी गर्दी करू नका! डॉक्टर, तुमच्याकडची फरशी पुसायची दांडी आणा. बाई, तुम्ही फडकं घ्या. वरून खाली, वरून खाली! उलटं येऊ नका!"

आणि गंमत म्हणजे सगळे सरकले. डॉक्टरांनी दांडी आणली, बाईंनी फडकं पिळलं, खराटा सपासप चालू लागला. तारा कुणी मागितला नाही. तेवढ्यात चेअरमन उठले. त्यांच्या कपड्यांतून पाणी गळत होतं आणि हातात एकच बूट होता.

"याला जबाबदार कोण? मला लेखी हवंय. सेक्रेटरी, तुमचा राजीनामा हवा! असला बेअक्कल माणूस मी..."

"चेअरमनसाहेब," सासरे म्हणाले, "आमच्या घरून पाणी आलं. आम्ही पुसून देतो. झालं."

"तुम्ही मधे पडू नका! सभेत ठरलंय. तुम्ही त्यांच्याकडचे पाहुणे."

खराटा थांबला. डॉक्टरांची दांडीही थांबली. सेक्रेटरींनी मान खाली घातली. आता पिशवी उचलली जाणार, आणि ती कायमचीच, असं त्यांना वाटलं.

सासरे हळूहळू ताठ झाले.

"कोण पाहुणा? मी?" ते म्हणाले. "अहो, पाहुणे हे! जावई आहेत आमचे. जावई जन्माचा पाहुणा असतो. मी मुलीचा बाप. मी घरचा." त्यांनी खराटा दुसऱ्या हातात घेतला. "आणि आमच्या घरच्या पाहुण्याला आमच्याच जिन्यात कुणी वेडंवाकडं बोललेलं मी खपवून घेणार नाही. लिहून घ्या पाहिजे तर."

चेअरमननी लिहायला कागद मिळेल का म्हणून सवयीनं खिसा चाचपला, तर खिशात पाणी होतं. वरच्या वळणावर बायकोनं पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की रडत होती, ते खालून कळत नव्हतं. सेक्रेटरींचं म्हणाल तर आपण एकाच वेळी एवढे बावळट आणि एवढे सुखी कसे, हे त्यांना उमगत नव्हतं.

"बाबा," ते कसेबसे म्हणाले, "माझं चुकलं."

"चुकलंच," सासरे म्हणाले. "पाइप कुणी हिसकतं का? जा आता वर जाऊन बसा, जावईबापू. पाहुण्यानं फरशा पुसायच्या नसतात."

पण सेक्रेटरी वर गेले नाहीत. त्यांनी बाईंच्या हातातलं फडकं घेतलं आणि चेअरमनच्या दारापासून पुसायला सुरुवात केली. मधेच सासऱ्यांनी ओरडून सांगितलं की वरून खाली, तेव्हा ते वर गेले आणि पुन्हा सुरुवात केली. गाडीची वेळ होऊन गेली. तिची आठवण कुणी काढली नाही. सगळं आवरल्यावर स्टुलावरची पिशवी सेक्रेटरींनीच उचलली, दोन मजले चढून नेली आणि माळ्यावर अगदी मागच्या बाजूला, हात पोचणार नाही अशी सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा घेत होते, तेव्हा न्हाणीघरात झारी भरल्याचा आवाज आला. सासरे बाहेर पडले. जरा वेळानं जिन्यातून त्यांचा आवाज आला, "सरका, सरका, मागच्यांना जागा द्या." एक दार उघडलं, कुणीतरी हसलं.

सेक्रेटरींनी 'वा' म्हणायला तोंड उघडलं. बायकोनं डोळे वटारले. त्यांनी मुकाट्यानं चहाचा घोट घेतला आणि पेपर उघडला.